गाडीचा नाद आणि पुढची काच

 गटाच्या बैठकीला आईबरोबर येऊन मागं बसणाऱ्या पोरींनो, आजचं बोलणं जास्त करून तुमच्यासाठीच आहे, तेव्हा जरा पुढं सरकून बसा.

आपल्या भागात नादाला काही कमी नाही. कुणाला बैलगाडा शर्यतीचा नाद, कुणाला कुस्तीचा, कुणाला भजनाचा. बैलाच्या खुराकावर घरातला पैसा गेला तरी माणसं म्हणतात, "जाऊ द्या, त्याला नाद हाय." बाईला नाद असतो हे मात्र पटकन कुणी धरत नाही. तिला काम असतं, वेळ मिळाला तर विरंगुळा असतो. आज मी अशा एका नादाबद्दल सांगणार आहे, जो बायकांनाही लागतो आणि ज्यातून काहीजणींना आयुष्यभराची भाकरी मिळाली. तो म्हणजे रेल्वेचा नाद. त्यातही रोज माणसांना कामावर नेणाऱ्या साध्या लोकल गाडीचा नाद, आणि गाडीत सगळ्यात पुढं राहून समोरचा रूळ बघायचा नाद.

तुम्ही म्हणाल, आपल्या माळेगावातून रेल्वे जात नाही, मग आपल्याला काय त्याचं? खरं आहे. आपल्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जातात. पण आपल्या जवळ बारामतीचं स्टेशन आहे. तिथून कटफळ, शिर्सुफळ करत गाडी दौंडला जाते, आणि दौंडला मुंबई-सोलापूरचा मोठा रस्ता मिळतो. इंदापूर तालुक्यातल्या मैत्रिणींना तर भिगवणचं स्टेशन आहेच. आपल्या जाणत्या बायकांना दौंड-बारामतीची ती जुनी, अरुंद रुळांची छोटी गाडीही आठवत असेल. म्हणजे रेल्वे आपल्या अंगणात नसली तरी शिवेवर नक्की आहे.

हा नाद असतो तरी काय?

रेल्वेचा नाद असलेली माणसं जगभर आहेत आणि आपल्या महाराष्ट्रात तर पुष्कळ आहेत. ती गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ करतात, इंजिनाचे नंबर वहीत लिहून ठेवतात, फोटो काढतात. नुसत्या हॉर्नवरून किंवा मोटारीच्या आवाजावरून गाडी कुठल्या बनावटीची ते सांगतात. पुणे आणि मुंबईच्या मध्ये धावणारी दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली. दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनवर तिच्या रोजच्या प्रवाशांकडून आणि चाहत्यांकडून तिचा वाढदिवस साजरा होतो, गाडीला हार घालून, केक कापून. ऐकायला गंमत वाटते. पण आपण पोळ्याला बैलाला ओवाळतो आणि दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूचा हार घालतो, ते आठवलं की ही माणसं परकी वाटत नाहीत. ज्याच्या जोरावर घर चालतं त्याचं कौतुक करायचं, एवढाच त्यातला भाव.

आता लांब पल्ल्याच्या, झगमगीत गाड्यांचं कौतुक कुणालाही वाटेल. लोकलसारख्या घामट, गर्दीच्या गाडीत एवढं काय आहे? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. आपल्या देशातली प्रवाशांची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला गेली. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४, माणसं साधारण ४००. पुढं ३ फेब्रुवारी १९२५ ला विजेवरची पहिली गाडीसुद्धा मुंबईतच, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून कुर्ल्याकडं धावली. त्यातून जी लोकल वाढली ती आज रोज ७० लाखांच्या आसपास फेऱ्या माणसांना करवते.

एवढी माणसं रोज एकाच गाडीनं जायला लागली की गाडीचं घर होतं. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवण होतं, भिशी चालते, नवरात्रात त्या त्या रंगाच्या साड्या नेसून हळदीकुंकू होतं. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेनं चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त बायकांची आख्खी लोकल सुरू केली. आपल्या गावाकडून मुंबईला दिलेल्या कितीतरी लेकी रोज त्या गर्दीत असतात. त्यांना विचारा, गाडीच्या कपाळावरचं अक्षर बघून ती कुठं जाणार ते सांगतील. मध्य रेल्वेवर 'एस' म्हणजे कर्जतची गाडी आणि 'एन' म्हणजे कसाऱ्याची. दोन्हींचा रस्ता कल्याणपर्यंत एक असतो, तिथून फाटे फुटतात. हे अक्षर चुकलं तर बाई घराच्या भलत्याच दिशेला जाऊन पोचते.

म्हणजे लोकलचा नाद हा श्रीमंती नाद नाही. तिकिटाचे किंवा पासचे पैसे आणि जागे डोळे एवढ्यावर तो भागतो.

पुढचीच जागा का?

एसटीत चढल्यावर पोरं पहिल्यांदा कुठं पळतात? ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, नाहीतर दाराजवळच्या पुढच्या सीटवर. बाजूच्या खिडकीतून झाड, घर, विहीर येते आणि जाते. पुढच्या काचेतून रस्ता येताना दिसतो. वळण आधी कळतं, चढ आधी कळतो, गाडी का हळू झाली तेही कळतं. रेल्वेत तर ही मजा जास्तच असते. दोन रूळ लांबवर एका ठिपक्यात मिळाल्यासारखे दिसतात आणि जवळ गेलं की उलगडत जातात. स्टेशन जवळ आलं की एका रुळाचे दोन, दोनाचे चार होतात, आणि यातल्या नेमक्या कुठल्या रुळावर आपण जाणार हे बघताना माणूस श्वास धरून बसतो.

काही देशांनी ही हौस ओळखून गाड्याच तशा बांधल्या. जपानमध्ये १९६३ साली 'रोमान्सकार' नावाची एक गाडी आली. तिच्यात ड्रायव्हरची केबिन वरच्या मजल्यावर नेली आणि अगदी पुढची, मोठ्या काचेमागची जागा प्रवाशांना दिली. तिथल्या बऱ्याच साध्या लोकलमध्येही केबिनच्या मागं काच असते. लहान पोरं आणि निवृत्त आजोबा तिथं नाक टेकवून उभे असतात. लंडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेली 'डॉकलँड्स लाइट रेल्वे' ड्रायव्हरच्या केबिनशिवाय, संगणकावर चालते, त्यामुळं पुढच्या काचेमागं प्रवासीच बसतात. त्या सीटसाठी मोठी माणसंसुद्धा पोरांशी चढाओढ करतात म्हणे.

आपल्याकडच्या लोकलमध्ये साध्या प्रवाशाला पुढचं काही दिसत नाही, कारण मोटरमनची केबिन बंद असते. मग नादी माणसं केबिनला लागून असलेल्या डब्यात बसतात आणि तिथून कानानं गाडी बघतात. घंटी कधी झाली, हॉर्न कधी दिला, ब्रेकची हवा कधी सुटली, हे सगळं तिथं ऐकू येतं. डोळ्यांची हौस भागवायची असेल तर २०२१ पासून मुंबई-पुणे रस्त्यावरच्या काही गाड्यांना मोठ्या काचांचे, काचेच्या छताचे 'व्हिस्टाडोम' डबे लावलेत. त्याचं तिकीट महाग असतं, पण बोरघाट बघायला तो चांगला.

घाटावरून आठवलं. पुण्याकडं येणाऱ्या कितीतरी गाड्या कर्जतला थांबतात आणि आपण उतरून वडा घेतो. आपल्याला वाटतं गाडी वड्यासाठीच थांबली. खरं म्हणजे तेवढ्या वेळात गाडीच्या मागं जादा इंजिनं जोडली जातात. बोरघाटाचा चढ इतका आहे की ३७ फूट पुढं गेलं की गाडी १ फूट वर चढते. रस्त्याच्या मानानं हा चढ काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरतं, म्हणून एक इंजिन ओढतं आणि मागची इंजिनं ढकलतात. चिखलात रुतलेली उसाची ट्रॉली काढताना पुढं ट्रॅक्टर आणि मागून चार माणसं लागतात ना, अगदी तसंच.

केबिनमध्ये काय चालतं?

आता बंद दाराच्या आत जाऊ. लोकलला वेगळं इंजिन नसतं. मोटारी काही डब्यांच्या खालीच बसवलेल्या असतात आणि छतावरचा एक घडीचा सांगाडा वरच्या तारेतून वीज घेतो. तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. गाडीच्या दोन्ही टोकांना केबिन असते, त्यामुळं शेवटच्या स्टेशनवर गाडी वळवावी लागत नाही. मोटरमन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो आणि मगाशी जी शेपूट होती तिचं तोंड होतं.

मोटरमन पुढं असतो आणि मागच्या टोकाला गार्ड असतो, ज्याला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात. दोघं घंटीवर बोलतात. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. आपल्या एसटीच्या कंडक्टरची डबल बेल तीच की! स्टेशनवर माणसं चढली-उतरली हे मागून गार्ड बघतो आणि दोन घंट्या देतो. मोटरमन तशाच दोन घंट्या परत देतो, म्हणजे "ऐकलं, निघतो." उत्तर दिल्याशिवाय काम पुढं जात नाही.

समोर बघायचं ते मुख्यतः सिग्नल. हिरवा म्हणजे रस्ता मोकळा. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल सावध करणारा आहे, वेगाचा अंदाज ठेव. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी कर. लाल म्हणजे थांब. एवढे टप्पे कशासाठी? गाडीला लगेच थांबता येत नाही म्हणून. वेगातल्या एक्सप्रेस गाडीनं समोर काही बघून जोराचा ब्रेक लावला तरी ती थांबेपर्यंत अर्धा-पाऊण किलोमीटर, कधी त्याहून जास्त निघून जाते. फाटक बंद असताना खालून वाकून शेळ्या पलीकडं काढणाऱ्या बायांनी एवढं लक्षात ठेवावं. ड्रायव्हरला तुम्ही दिसलात तरी तो तुम्हाला वाचवू शकत नाही.

फाटकावरून आठवलं. रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्याचा अर्थ सीटी, फाटक. म्हणजे पुढं फाटक आहे, इथून हॉर्न वाजवत चल. पाटी रानात एकटीच उभी दिसते, पण ती ड्रायव्हरशी बोलत असते.

लोकलच्या हँडलमध्ये एक खास सोय असते. चालवताना ते हातानं दाबून धरावं लागतं. मोटरमनला चक्कर आली, झटका आला आणि हात सुटला, तर गाडी आपोआप ब्रेक घेते. मागं बसलेल्या हजारो माणसांचा जीव एका हातात असतो, आणि तो हात ढिला पडला तर काय, याचा विचार करून ठेवलेला असतो.

लांब पल्ल्याच्या गाडीत दोघं असतात, लोको पायलट आणि सहायक. सिग्नल दिसला की एकजण त्याचा रंग मोठ्यानं बोलतो आणि दुसरा तो बघून मोठ्यानं परत म्हणतो. जपानी रेल्वेत तर बोट दाखवून मोठ्यानं म्हणायची शिस्त आहे, ड्रायव्हर एकटा असला तरी. कारण डोळ्यानं पाहिलं, हातानं दाखवलं, तोंडानं म्हटलं आणि कानानं ऐकलं की चूक कमी होते. आपल्या गटात पैसे मोजताना खजिनदार ताई मोठ्यानं मोजतात आणि सचिव ताई तोच आकडा परत म्हणून वहीत लिहितात. ही पद्धत कुणी कंटाळवाणी म्हटली तर त्यांना सांगा, रेल्वेसुद्धा असंच करते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कितीही हुशार ड्रायव्हर असला तरी नव्या रस्त्यावर त्याला एकट्याला गाडी देत नाहीत. आधी जाणत्या ड्रायव्हरबरोबर त्या रस्त्यानं दिवसाच्या आणि रात्रीच्या फेऱ्या कराव्या लागतात. कुठं वळण, कुठं उतार, कुठला सिग्नल झाडाआड येतो, पावसात कुठं रूळ घसरतो, हे सगळं डोक्यात बसलं की मग तो लिहून देतो, "मला हा रस्ता माहीत झाला." नादी माणूस खिडकीत बसून हौसेनं जे करतो तेच काम ड्रायव्हर जबाबदारीनं करतो. म्हणून मी म्हणते, एखादी पोर गाडीत बसल्यावर सारखं "हे काय, ते कशाला" विचारत असेल तर तिला गप्प करू नका. ती रस्ता शिकत असते.

तिथं बसलेल्या बायका

पुष्कळ वर्षं पुढच्या काचेमागं पुरुषच होते. मग आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या, शेतकरी घरातल्या सुरेखा यादव यांनी ते दार उघडलं. त्यांनी कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनात विजेच्या शाखेचा डिप्लोमा केला आणि १९८९ मध्ये त्या मध्य रेल्वेत सहायक ड्रायव्हर झाल्या. आशिया खंडातली पहिली महिला रेल्वे ड्रायव्हर म्हणून त्यांची नोंद झाली. १९९६ मध्ये त्या मालगाडी चालवू लागल्या. २००० साली मुंबईत मध्य रेल्वेची बायकांची खास लोकल सुरू झाली तेव्हा ती त्यांनी चालवली. पुढं घाटात गाडी चालवायचं शिक्षण घेतलं आणि ८ मार्च २०११ ला, महिला दिनी, पुण्याहून मुंबईला दख्खनची राणी नेली. १३ मार्च २०२३ ला सोलापूर ते मुंबई वंदे भारत गाडी त्यांनीच चालवली. ती गाडी आपल्या भिगवण-दौंडवरूनच गेली, बायांनो. आपण रानात खुरपत असू, आणि पलीकडच्या रुळावरून आपल्यासारख्याच घरातली एक बाई देशातली वेगवान गाडी घेऊन चालली होती. ३६ वर्षांच्या नोकरीनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

मुंबईच्या गर्दीच्या रस्त्यावर लोकल चालवणाऱ्या मुमताज काझी यांना २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला. आज देशभरात बऱ्याच महिला लोको पायलट आहेत. एकूण संख्येच्या मानानं त्या अजून थोड्याच आहेत, पण नवलाई राहिलेली नाही.

हे काम सोपं आहे असं मी सांगणार नाही. ड्यूटी रात्री-अपरात्री असते. सणवाराला घरी असण्याची खात्री नाही. जुन्या इंजिनांत शौचालयाची सोयच नव्हती आणि बायकांना त्याचा फार त्रास झाला. आता नव्या इंजिनांत ती सोय होऊ लागली आहे, तरी ही मागणी अजून पुरती संपलेली नाही. कुणाच्या लेकीनं हे काम धरलं तर सासर-माहेरच्यांनी तिच्या झोपेची, जेवणाची आणि पोरांची व्यवस्था आपली मानली पाहिजे. पुरुष ड्रायव्हरच्या घरी ती मानतातच ना?

नाद आणि धोका

हल्ली मोबाइल हातात आल्यापासून या नादाला एक वाईट वळण लागलंय. पोरं दाराला लटकून, रुळावर उभी राहून, कधी डब्याच्या छतावर चढून व्हिडिओ काढतात. खऱ्या नादी माणसाला ही गोष्ट अजिबात चालत नाही. मुंबईच्या लोकल रस्त्यांवर अलीकडं वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात, रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं पडली आणि त्यातल्या काहींचे जीव गेले. ती व्हिडिओ काढणारी नव्हती, कामावर निघालेली होती. डब्यात उभं राहायलाही जागा नसली की माणूस दाराला लटकतो. हौसेनं लटकणाऱ्याला मात्र तेवढीसुद्धा सबब नाही.

कायदाही माहीत असू द्या. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५६ प्रमाणं मनाई असताना छतावर, पायरीवर किंवा इंजिनावर बसून प्रवास केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना घुसलं तर कलम १४७ प्रमाणं सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केबिनमध्ये बसायला रेल्वेचा लेखी परवाना लागतो. ओळखीच्या ड्रायव्हरला "पोराला जरा पुढं बसवा" म्हणणं म्हणजे त्याची नोकरी धोक्यात घालणं. छतावर तर २५,००० व्होल्टची तार असते. तिला हात लागायचीही गरज नसते, नुसतं जवळ गेलं तरी वीज माणसाला ओढते.

आपल्या पोरींसाठी वाट

आता पोरींनो, वही-पेन काढा. पुढच्या काचेमागं बसायचं तर वाट अशी आहे.

भरती होते ती सहायक लोको पायलट या पदावर. लोकलचा मोटरमन म्हणून थेट भरती होत नाही. आधी सहायक, मग मालगाडी, मग प्रवासी गाडी किंवा लोकल, असं पायरी-पायरीनं जावं लागतं. त्यासाठी दहावी पास आणि ठरावीक ट्रेडचा आयटीआय लागतो. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, डिझेल मेकॅनिक, मोटार मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक, टर्नर, मशिनिस्ट असे ते ट्रेड आहेत. किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइल यातला तीन वर्षांचा डिप्लोमा चालतो. शिवणकामाचा किंवा ब्युटी पार्लरचा ट्रेड इथं चालत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आयटीआयचा फॉर्म भरताना मुलीसाठी तेच दोन ट्रेड आधी सुचवले जातात.

वय साधारण १८ ते ३०. आरक्षित गटांना सवलत असते आणि भरतीप्रमाणं थोडा फरक पडतो, म्हणून जाहिरात बघूनच खात्री करावी. दोन लेखी परीक्षा संगणकावर होतात आणि त्यांचा पेपर मराठीतूनही घेता येतो. त्यानंतर एक कल-चाचणी असते. तिच्यात लक्ष किती टिकतं, चटकन ओळखता येतं का, हे बघतात. सुरुवातीचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणं १९,९०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि गाडीवरचे भत्ते वेगळे.

आणि आता सगळ्यात कडक अट, डोळे. या पदासाठी चष्म्याशिवाय लांबचं पूर्ण स्वच्छ दिसावं लागतं, दोन्ही डोळ्यांनी. रंग अचूक ओळखता आले पाहिजेत, रात्रीचंही नीट दिसलं पाहिजे. चष्मा घालवायला लेसरनं ऑपरेशन केलेलं चालत नाही. म्हणून या पदावर डोळा ठेवून दोन वर्षं आयटीआय करण्याआधी पोरीचे डोळे तपासून घ्या. एका तपासणीत कळतं. रंग ओळखण्याच्या बाबतीत आपल्याकडं एक जमेची बाजू आहे. रंगांधळेपणा बायकांत पुरुषांपेक्षा फार कमी असतो. चष्मा निघाला तर वाईट वाटून घेऊ नका. रेल्वेत इतर पुष्कळ पदं आहेत आणि ज्या त्या पदाची नजरेची अट जाहिरातीत दिलेली असते.

आणखी एक. रेल्वेत लावतो म्हणून पैसे मागणारा माणूस गावात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. भरती फक्त रेल्वे भरती मंडळाच्या जाहिरातीनं होते. फी काही शे रुपये असते, ती स्वतः ऑनलाइन भरायची, आणि महिलांनी पहिली परीक्षा दिली की बँकेचे शुल्क वजा करून ती परत मिळते. लाखांची बोली करणारा माणूस आपली लूटच करतो.

आता गटाबद्दल. अंतर्गत कर्जाच्या अर्जावर 'कारण' असा एक रकाना असतो. आपल्या वह्या चाळल्या की त्यात बियाणं, दवाखाना, म्हैस, लग्न अशी कारणं दिसतात. मुलाची मोटारसायकलही दिसते. 'मुलीचा आयटीआय' किंवा 'मुलीचा परीक्षेचा प्रवास' अशी नोंद फार क्वचित दिसते. सरकारी आयटीआयची फी खासगीच्या मानानं पुष्कळ कमी असते. खरा खर्च येतो तो रोजच्या एसटीचा, पुस्तकांचा आणि परीक्षेला लांबच्या केंद्रावर जाण्याचा. एवढं कर्ज आपला गट सहज देऊ शकतो, आणि ती लेक कमावती झाली की ते फिटतंही.

तर पुढच्या बैठकीत तीन कामं करा. एक, गटातल्या आठवी ते बारावीच्या मुलींची यादी करा आणि प्रत्येकीला काय बघायला, काय जुळवायला, काय उघडून परत बसवायला आवडतं ते तिच्याच तोंडून विचारून नावापुढं लिहा. दोन, आरोग्य केंद्रात सांगून त्यांच्या डोळ्यांची तपासणी एकाच दिवशी लावून घ्या. अभ्यासात मागं पडलेल्या एखाद्या पोरीला फळाच दिसत नव्हता, हेही त्यात कळेल. तीन, सुट्टीत एखाद्या दिवशी चार-पाचजणी मिळून पोरींना बारामतीहून दौंडपर्यंत गाडीनं घेऊन जा. खिडकीची जागा पोरींना द्या. किती सिग्नल लागले, किती 'सी/फा' च्या पाट्या लागल्या, कुठं हॉर्न वाजला, ते त्यांना मोजू द्या. दौंडच्या फलाटावर उतरून पिवळ्या रेषेच्या आत उभं राहून गाड्या येता-जाता बघा. हात केला तर इंजिनातून कुणीतरी हात करतंच.

त्यातली एखादी पोर घरी येऊन म्हणेल, "आई, मला पुढं बसायचंय." तेव्हा हसू नका. तिला आधी सी/फा चा अर्थ विचारा, आणि मग आयटीआयचा फॉर्म कधी निघतो ते बघा.

नमस्कार. पुढच्या वेळी मुलींच्या आयटीआय प्रवेशाला लागणाऱ्या कागदांबद्दल बोलू.